चार महिन्यांचा तंबू-मुक्काम बारा महिने चालवायचा? आधी अर्ध्या तंबूचा हिशोब करा

मागच्या व्हिडिओत आपण शेतावरचा मुक्काम, म्हणजे तंबू, लाकडी खोल्या आणि कॅराव्हॅन उभी करायची जागा, हा धंदा सुरू कसा करायचा ते पाहिलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न असा: "सर, सीझन फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी. बाकी आठ महिने जागा रिकामी. बारा महिने चालू ठेवता येईल का?"

ठेवता येईल. पण गेट उघडं ठेवणं वेगळं आणि धंदा चालू राहणं वेगळं. व्हिडिओत आकडे भराभर निघून जातात, म्हणून हा विषय लिहूनच समजावतो. वही-पेन घेऊन बसा.

थोडी पार्श्वभूमी. महाराष्ट्र सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण. दुसऱ्या धोरणात फिरती कॅराव्हॅन आणि ती उभी करण्याचं ठिकाण म्हणजे कॅराव्हॅन पार्क, दोन्हींचा विचार आहे. रस्ता, पाणी, वीज आणि स्वच्छतागृह असलेली जागा खासगी माणूससुद्धा पार्क म्हणून चालवू शकतो. आपल्या कळमेश्वर-काटोल पट्ट्यात रस्त्याला लागून शेत असलेल्या कित्येकांच्या डोक्यात त्यामुळे हा विचार येतो. नागपूर जवळ, संत्र्याचे बगीचे आहेत, थंडीत हवा मस्त. विचार चुकीचा नाही. फक्त बँकेचा हप्ता थंडी पाहून येत नाही, तो बाराही महिने येतो.

सीझन कशामुळे ठरतो?

बहुतेक जण म्हणतात, हवामानामुळे. मला हे अर्धंच पटतं. विदर्भातलीच तीन ठिकाणं बघा.

मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो. आपल्याकडे तंबूत मुक्कामाला कोणी येणार नाही, फुकट दिला तरी नाही. पण त्याच मे महिन्यात, त्याच उन्हात, ताडोब्याला सफारीसाठी झुंबड असते. कारण साधं आहे. जंगल सुकतं, पाणवठे मोजके राहतात आणि वाघ पाण्यावर येतो. म्हणजे ज्या उन्हाने तुमचा तंबू रिकामा केला, त्याच उन्हाने त्यांचं गेट भरलं.

चिखलदऱ्याचं उलटं. तिथे पाऊस लागला, धुकं उतरलं की अमरावती-अकोल्याच्या गाड्यांची रांग लागते. जो पाऊस तुमच्या शेतात चिखल करतो, तो तिथे गिऱ्हाईक आणतो.

तिसरं, पेंच आणि ताडोब्याचा पावसाळा. गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांना बंद असतं. तरी ताडोब्याच्या बफर क्षेत्रातली गेटं, आगरझरी, देवाडा, जुनोना वगैरे, पावसाळ्यातही चालू ठेवली जातात, रस्त्याची स्थिती पाहून. मुख्य माल बंद असताना दुय्यम माल विकायला ठेवायचा, ही दुकानदारीच झाली ना? आणि पेंचला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. म्हणजे दिवसा वाघ आणि रात्री तारे. जंगल तेच, पण येण्याचं कारण आणखी एक झालं.

तर माझ्या मते सीझन हवामानावर अर्धा आणि गिऱ्हाइकाच्या कारणावर अर्धा ठरतो. हवामान तुमच्या हातात नाही, कारण आहे. ज्या महिन्यासाठी तुमच्याकडे कारण नाही, तो महिना उघडू नका. आता हे पैशात कसं दिसतं ते पाहू.

समजा, आठ तंबू

हे आकडे समजावण्यासाठी घेतलेत. तुमचे वेगळे असतील, पद्धत हीच ठेवा.

आठ तंबू आहेत. सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे १२० रात्री. एकूण विकता येण्यासारख्या रात्री झाल्या ९६०. त्यातल्या निम्म्या विकल्या गेल्या, ४८०. शनिवार-रविवार फुल्ल आणि मधले दिवस ढिले, असं धरा. जेवणासकट एका तंबूचा दर ३,००० रुपये. सीझनची विक्री १४ लाख ४० हजार. ऐकायला छान वाटतं!

आता खर्च. इथे दोन डबे वेगळे करायचे. पहिल्या डब्यात तो खर्च, जो गिऱ्हाईक आलं तरच होतो: किराणा, भाजी, गॅस, चादरी धुणं, बुकिंग ॲपचं कमिशन. एका तंबूमागे एका रात्रीला १,१०० धरले, तर ४८० रात्रींचे ५ लाख २८ हजार. सीझनपुरती चार माणसं, प्रत्येकी १३,००० पगार, चार महिने: २ लाख ८ हजार. हे दोन्ही वजा केले की हातात उरतात ७ लाख ४ हजार.

दुसऱ्या डब्यात तो खर्च, जो टाळं लावलं तरी चालूच असतो. जागेचं भाडं २०,०००, चौकीदार १२,०००, वीजबिलातला स्थिर आकार आणि विमा मिळून ३,०००, बँकेचा हप्ता ३५,०००. महिन्याला ७०,०००. वर्षाला ८ लाख ४० हजार.

७ लाख ४ हजारातून ८ लाख ४० हजार गेले. वर्षाअखेरीस तोटा १ लाख ३६ हजार. आणि राजेहो, यात तुमचा स्वतःचा पगार धरलेलाच नाही.

म्हणूनच सीझनमध्ये गर्दी पाहून खूश झालेला माणूस जूनमध्ये बायकोचे दागिने गहाण ठेवायला जातो. धंदा चालला नाही असं नसतं. चार महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांचा खर्च बसलेला असतो.

पावसाळा उघडला तर?

इथे बहुतेक लोक चुकीचा प्रश्न विचारतात: "जुलैत ७० हजार निघतील का?" ते ७० हजार तर बंद ठेवलं तरी जाणारच आहेत. जुलै उघडायचा की नाही हे ठरवताना ते धरायचेच नाहीत. धरायचा फक्त उघडल्यामुळे वाढणारा खर्च. बीबीएला हे 'मार्जिनल कॉस्टिंग' म्हणून शिकवलं होतं. दुकानात बसल्यावर कळलं की आपले जुने व्यापारी हे नाव न घेता रोज करतात. सणाच्या आदल्या रात्री दुकान दोन तास जास्त उघडं ठेवताना कोणी महिन्याचं भाडं मोजत नाही, फक्त पोराची मजुरी आणि लाइट मोजतो.

जुलैत दोन माणसं ठेवली, २६,०००. गवत कापणं, फवारणी, जनरेटरचं डिझेल, ९,०००. जादा खर्च झाला ३५,०००. पावसात दर उतरतो, २,२०० धरा. खर्च एका रात्रीला १,०००. उरले १,२००. ३५,००० भरून काढायला ३० रात्री विकाव्या लागतील.

पावसाळ्यात आठही तंबू लावायचे नाहीत. चार लावा, चार वाळवून, घडी करून वर ठेवा. चार तंबू, महिन्यातले चार शनिवार-रविवार, म्हणजे ३२ रात्री. त्याचे ३८,४०० आले. जादा खर्च वजा करून उरले ३,४००. महिनाभर चिखल तुडवून साडेतीन हजारसुद्धा नाही.

आता मुक्काम सोडा आणि दिवसाची सहल घ्या. आपल्याकडे शाळा जूनअखेर उघडतात. जुलै-ऑगस्टमध्ये शेतात कपाशी-सोयाबीनची डवरणी चालू असते, बैल दिसतात, पोळ्याची तयारी दिसते. नागपूरच्या शाळेतल्या पोरांना डवरा म्हणजे काय हे माहीत नसतं. पन्नास मुलं, माणशी ३५०, खर्च २००, एका सहलीला ७,५०० उरतात. महिन्याला अशा तीन सहली, २२,५००. मग पावसाळ्याचा महिना २५,९०० देतो. जुलै ते ऑक्टोबर चार महिने, १ लाख ३ हजार ६००. तोटा १ लाख ३६ हजारावरून ३२,४०० वर आला.

पावसाळ्याने पैसे दिले, पण ते तंबूने दिले नाहीत. शेताने आणि शेडने दिले. ज्याच्याकडे पन्नास मुलं बसतील अशी पक्की, न गळणारी शेड नाही, त्याने पावसाळा उघडायच्या भानगडीत पडू नये.

आणि तो अर्धा तंबू

आता जरा मागे, सीझनमध्ये या. ४८० रात्री म्हणजे रोज सरासरी चार तंबू भरले. समजा ते साडेचार झाले. रोज फक्त अर्धा तंबू जास्त, १२० रात्रींत ६० रात्री जास्त. एका रात्रीमागे १,९०० उरतात. झाले १ लाख १४ हजार.

परत वाचा. सीझनमधला अर्धा तंबू चार महिन्यांच्या पावसाळ्यापेक्षा जास्त देतो. नवीन माणूस नको, नवीन शेड नको, चिखल नाही.

त्यामुळे माझा क्रम असा आहे: आधी सीझनमधले सोमवार ते गुरुवार भरा. मग सीझनच्या कडा वाढवा, ऑक्टोबर आणि मार्च. पावसाळा त्यानंतर. 'बारमाही' हा शब्द पाटीवर लिहायला भारी वाटतो, पण पाटीने हप्ता भरला जात नाही.

मधले दिवस कोण भरेल? कळमेश्वरला एमआयडीसी आहे, मोठे कारखाने आहेत. तिथे बाहेरून दुरुस्तीला येणारे इंजिनियर, तपासणीवाले, ट्रेनिंगवाले लोक सोमवार ते शुक्रवारच येतात. त्यांना शेकोटी नको असते. गरम पाणी, वायफाय, सकाळी सातला नाश्ता आणि कंपनीच्या नावाने बिल हवं असतं. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन भरलं की नागपूरची हॉटेलं भरतात आणि दर चढतात. तेव्हा शहराबाहेर राहायला तयार असलेले लोक असतात, पण त्यांना ऑक्टोबरमध्येच फोन करावा लागतो. तिसरं गिऱ्हाईक आजी-आजोबा. निवृत्त मंडळींच्या ग्रुपला मंगळवार काय आणि शनिवार काय! दुपारी हुरडा, रात्री रोडगे आणि वांग्याची भाजी, सकाळी अदासाच्या गणपतीचं दर्शन. त्यांना मधल्या वाराला २० टक्के सूट दिली तरी तुमचं नुकसान नाही, कारण तो तंबू तसाही रिकामाच होता.

मार्चमध्ये दिवसा ऊन असतं, संध्याकाळ मात्र छान असते. मृग बहाराची संत्री त्या सुमाराला झाडावर असतात. मार्च-एप्रिलमध्ये मुक्काम न विकता संध्याकाळ विका: वाढदिवस, हळद, कंपनीचा स्नेहमेळावा. एका कार्यक्रमाचे १२,००० घेतले आणि ५,००० खर्च धरला तर ७,००० उरतात. महिन्याचा जादा खर्च २८,००० असेल तर चार कार्यक्रमांत तो निघतो. सहा झाले तर १४,००० हातात.

धापेवाड्याच्या यात्रेबद्दलही बरेच जण विचारतात. आषाढी पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते, विदर्भाचं पंढरपूरच ते. गर्दी नक्की असते. पण वारकरी २,२०० चा तंबू घेत नाही. त्याला चहा, फराळ, पाय टेकायला जागा आणि स्वच्छ संडास पाहिजे. ते करायचं असेल तर वेगळा धंदा म्हणून करा, दोन दिवसांचा. तंबूच्या हिशोबात यात्रा मिळवू नका.

मे? बंद ठेवा. कूलर लावून तंबू विकायचा प्रयत्न करू नका. विजेचं बिल, पाण्याचा टँकर आणि वाईट रिव्ह्यू, तिन्ही एकदम येतात. मे आणि जून दुरुस्तीचे. ब्रिटनमधले कॅराव्हॅन पार्कवालेही हिवाळ्यात बंद असताना नळातलं पाणी काढून टाकतात, कारण पाणी गोठलं की पाइप फुटतो. बंद काळ म्हणजे आराम नव्हे, देखभालीचा काळ. बारा महिने उघडं ठेवलं तर ही कामं कधी करणार?

काळी माती

ही गोष्ट आर्किटेक्टपेक्षा आपला शेतकरी चांगली सांगतो. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. थंडीत टणक दिसणाऱ्या जागेवर तुम्ही कॅराव्हॅन उभी केली, जुलैत तिची चाकं रुतली की ट्रॅक्टरने ओढावी लागते, आणि आत बसलेलं गिऱ्हाईक त्याचा व्हिडिओ काढतं. उभं राहण्याची जागा खोदून मुरूम आणि गिट्टी घालून, दाबून, उंच करून घ्या. पाणी जायला दोन्ही बाजूंनी नाली काढा. हे काम मेमध्येच होतं. पाऊस लागल्यावर मुरमाचा ट्रक आतच येणार नाही.

शोषखड्ड्याचंही तेच. काळ्या मातीत पाणी लवकर जिरत नाही. थंडीत चाललेला खड्डा ऑगस्टमध्ये तुंबतो. पावसाळा उघडायचा विचार असेल तर संडासाच्या टाकीचं काम आधी एखाद्या जाणकाराला दाखवा.

दुसरी भीती विजेची. विदर्भात मान्सूनच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात वीज पडून माणसं जातात. ढग गडगडायला लागले की तंबूतल्या माणसांना पक्क्या इमारतीत आणायचं, हा नियम आधीच ठरवून ठेवा. तंबू एकट्या उंच झाडाखाली लावू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप फुकट आहे, तुमच्या आणि चौकीदाराच्या दोघांच्या मोबाइलमध्ये टाका. पावसात साप कोरडी जागा शोधतो, तेव्हा गवत कापलेलं आणि रस्त्यावर उजेड पाहिजेच. जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशाचं औषध असतं, हे आधी जाऊन विचारून या.

एका दुकानदाराने काय केलं

जगात हा प्रश्न सगळ्यात भारी सोडवला तो एका दुकानदारानेच. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमचा पीट डेर्कसेन. त्याचं खेळाच्या सामानाचं दुकान होतं. १९६८ मध्ये त्याने रूव्हर गावाजवळ जंगलात सुट्टीची छोटी घरं बांधली. पुढे त्यातूनच 'सेंटर पार्क्स' ही साखळी झाली. त्या देशात पाऊस आणि थंडी भरपूर, उन्हाळा छोटा. मग १९८० मध्ये 'डे एमहोफ' या ठिकाणी त्याने छताखाली उबदार पाण्याचा मोठा तलाव केला, आत ताडाची झाडं. बाहेर बर्फ पडो की पाऊस, आत माणूस पोहतोय.

त्याने हवामानाशी भांडण केलं नाही, हवामानावर अवलंबून नसलेलं एक कारण बांधलं. आपल्याला काचेचा तलाव परवडणार नाही. पण चांगली शेड, त्यात चूल, मातीकाम, भाकरी थापायला शिकवणारी गावातली मावशी, एवढं तर होईल? तुमचा 'छताखालचा तलाव' तोच.

कागद आणि कर

परवानगी पाहा. ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन पार्कला १९६० च्या कायद्याने परवाना लागतो, आणि अनेक पार्कवर वर्षातले काही आठवडे बंद ठेवण्याची अट असते, म्हणजे सुट्टीच्या जागेत लोकांनी कायमचं घर करू नये. गोव्यात किनाऱ्यावरचे शॅक पावसाळ्याआधी काढावेच लागतात. तुमच्या कागदावरही अटी असू शकतात. भाड्याची जमीन असेल तर करारात 'वर्षभर वापर' लिहिलंय का ते बघा. पर्यटन विभागाची नोंदणी, ग्रामपंचायत, जेवणासाठी एफएसएसएआय, विमा, प्रत्येक कागदावर काळ तपासा. विमा पॉलिसीत तंबू, वादळ आणि पुराचं काय लिहिलंय ते तर दोनदा वाचा.

जीएसटीकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी घ्यावी लागते. आपल्या उदाहरणात सीझनचे १४ लाख ४० हजार. पावसाळ्याची विक्री महिन्याला १ लाख २२ हजार ९००, चार महिन्यांचे ४ लाख ९१ हजार ६००. मार्च-एप्रिलचे बारा कार्यक्रम, १ लाख ४४ हजार. बेरीज २० लाख ७५ हजार ६००. ओलांडली रेषा! सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला ७,५०० पर्यंतच्या मुक्कामावर ५ टक्के कर आहे, आणि त्यात इनपुट क्रेडिट मिळत नाही. सगळ्या विक्रीवर ५ टक्के धरले तरी साधारण १ लाख होतात. कार्यक्रमासाठी जागा देण्याचा दर वेगळा असू शकतो, सीएला विचारा. हा कर तुम्ही दरात लावला नाही तर पावसाळ्याची जवळपास सगळी कमाई त्यातच जाईल. म्हणून दरपत्रक छापतानाच 'कर वेगळा' लिहा, किंवा दर त्या हिशोबाने ठेवा. आपण ४९९ चा मोह धरतो आणि मग खिशातून भरतो.

माणसांचं एक सांगायचं राहिलं. फेब्रुवारीअखेर तुम्ही स्वयंपाकी सोडला तर नोव्हेंबरात तोच परत येईल याची खात्री नाही. चांगल्या हाताचा स्वयंपाकी टिकवायला पावसाळ्याचे चार महिने फारसा नफा न घेता चालवले, तर ते मला चालतं. पण मग ती रक्कम 'माणूस टिकवण्याचा खर्च' म्हणून वहीत लिहा, नफा म्हणून लिहू नका.

आणि कर्ज अजून मंजूर व्हायचं असेल, तर बँकेत जाताना वर्षाची एक बेरीज नेऊ नका, बारा महिन्यांचा बारा ओळींचा तक्ता न्या. कोणत्या महिन्यात किती येणार, किती जाणार, मे-जून शून्य, हे स्पष्ट दाखवा आणि विचारा, सीझनमध्ये मोठा हप्ता आणि बंद महिन्यांत फक्त व्याज असं बसवता येईल का. हे मंजुरीच्या आधी विचारायचं असतं, सही झाल्यावर मॅनेजरच्या हातात फार काही राहत नाही. हा तक्ता कसा भरायचा, तो पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर भरून दाखवतो. तोपर्यंत तुमच्या महावितरणच्या बिलावरचा स्थिर आकार किती आहे, तेवढं बघून ठेवा.